जपानी हिरवा चहा आणि सूर्यमाळची लाल गोळी

वर्षावास सुरू झाल्यापासून आरोग्याच्या या पानासाठी जे प्रश्न आले, त्यांत निम्मे तरी ग्रीन टीचे आहेत. वजन उतरतं का, साखर आटोक्यात येते का, जपानी माणसं शंभर वर्षं जगतात ती यामुळेच का, आणि रोज किती कप घ्यावा? विचारणारे बहुतेक आपले नोकरदार आणि नुकतेच निवृत्त झालेले बंधू-भगिनी. त्यातच एका कुटुंबाने जपानहून आणलेलं हिरव्या चहाचं पाकीट आमच्या हाती ठेवलं आणि सांगितलं, "तुमच्या शिबिरात वापरा, तिकडच्या बायकांना चांगलं." ते पाकीट बीपीच्या यंत्राशेजारी, कापसाच्या गुंडाळीला टेकून, आमच्या पिशवीतून सूर्यमाळला गेलं.

पुढे मंडळाच्या बैठकीत एक प्रस्ताव आला. सूर्यमाळच्या शिबिरात आपण साखरेचा चहा देतो, तो बंद करून ग्रीन टीच्या पुड्या वाटाव्यात. शक्य झालं तर बचत गटाच्या बायकांनी त्या विकाव्यात, त्यांनाही चार पैसे सुटतील. प्रस्ताव मांडणाऱ्यांच्या मनात खोट नाही. तरीही आम्ही दोघी-तिघींनी विरोध केला. काही जण नाराज झाले, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

सूर्यमाळ मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या बाजूला. पालघर जिल्ह्यातलं थंड हवेचं ठिकाण म्हणून पावसाळ्यात तिथे मुंबईच्या गाड्या येतात. वाटेत विहिगावचा धबधबा लागतो. त्याला 'अशोका' म्हणतात, तेही शाहरुख खानच्या चित्रपटाचं चित्रीकरण तिथे झालं म्हणून. सम्राटाचं नाव आपल्या मुलखात असंही पोहोचतं. गाड्या परतल्या की मागे पाडे उरतात: वारली, कातकरी, महादेव कोळी, ठाकूर. भात आणि नागलीची कापणी उरकली, दिवाळी झाली, की निम्मा पाडा वीटभट्ट्यांवर निघून जातो. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात आणि बायका झऱ्यावर वाटीने पाणी भरतात. मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्याच्या हद्दीवर आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

तिथे आम्ही "जोहार" म्हणतो, त्या कधी "जोहार" तर कधी "जय भीम" म्हणतात, आणि कोरा चहा समोर येतो. दूध नाहीच. बारीक दाण्याची चहापत्ती, साखर, असला तर गवती चहाचा पाला, आणि टोपात दहा मिनिटं खदखदा उकळलेलं काळं पाणी. पहाटे कामावर जाताना बाईच्या पोटात तेवढंच असतं. दुपारी भाकरीबरोबर पुन्हा चहा. लहान पोरगं भाकरीचा तुकडा किंवा बिस्किट त्यातच बुडवतं, कारण कालवण पुरत नाही. चहा तिथे भूक मारण्याचं साधन आहे, त्यामुळे "चहा सोडा" हा सल्ला आम्ही कधीच दिला नाही. ज्या बाईकडे दिवसातली एकच गरम आणि गोड गोष्ट आहे, तिला ती सोड म्हणणारी नर्स दुसऱ्या वेळी उंबऱ्यात उभी राहू शकत नाही.

पण एक गोष्ट आमच्या नजरेतून कित्येक वर्षं सुटली, ती कबूल करतो. गरोदर बाईला सरकारी केंद्रातून लोहाची लाल गोळी मिळते. 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमानुसार तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस ती रोज घ्यायची. आम्ही रिकामी पाकिटं मोजायचो आणि वहीत टिक करायचो. गोळी कशाबरोबर घेतली, हे विचारायचंच राहिलं. एकदा एका बाईने आमच्यासमोर गोळी तोंडात टाकली आणि वर चहाचा घोट घेतला. का, विचारलं, तर म्हणाली, "पाण्यानं घेतली तर मळमळतं शिस्टर, चहानं उतरते." मग शेजारणीला विचारलं. तीही तसंच. आणि आमच्या शिबिरात तरी वेगळं काय होतं? नाव नोंदवा, बोटाला सुई टोचा, हिमोग्लोबिन बघा, गोळी घ्या, आणि चला, चहा-बिस्किट तयार आहे.

चहाच्या पानात तुरटपणा देणारी द्रव्यं असतात, त्यांना आपण ढोबळपणे टॅनिन म्हणतो. पोटात ती लोहाला धरून बसतात आणि ते लोह रक्तात जाण्याऐवजी शरीराबाहेर पडतं. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाच्या स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात पावाबरोबर चहा घेतल्यावर त्यातलं लोह शोषलं जाण्याचं प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आलं होतं. हे धान्य, डाळी, भाज्यांतल्या लोहाचं. मांस-मासळीतल्या लोहावर चहाचा परिणाम फार कमी होतो. पण सुकट-बोंबील आठवड्यातून एकदा परवडतात, आणि २०१५ च्या कायद्याने गरिबाच्या ताटातलं एक स्वस्त मांसही काढून घेतलं. त्याची चर्चा धर्माच्या नावाने झाली. आम्हाला ती हिमोग्लोबिनच्या नावाने व्हायला हवी होती.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ५४ टक्के. वाचकांनी हा आकडा मोखाड्याचा समजून पान उलटू नये, यातल्या कितीतरी बायका आपल्याच वस्तीत, आपल्याच घरात आहेत.

आता त्या पाकिटाकडे वळतो. ते सेंचा जातीच्या चहाचं होतं. जपानात रोजच्या पिण्यातला हाच. पहिल्यांदा आम्ही तो आपल्याच पद्धतीने केला: चुलीवर टोप, पाणी उकळत असतानाच पत्ती टाकली आणि झाकण ठेवलं. पाच-सहा बायकांनी घोट घेतला आणि तोंडं वाकडी केली. एक म्हणाली, "हा तर कडुनिंबाचा काढा." तिचं बरोबर होतं. आमचाही घोट घशाखाली उतरेना.

पाकीट देणाऱ्या ताईंनी एका कागदावर कृती लिहून दिली होती, ती आम्ही वाचलीच नव्हती. दुसऱ्या खेपेला वाचून केला. पाणी आधी खळखळून उकळायचं, मग ते सत्तर ते ऐंशी अंशांवर निवू द्यायचं, त्यात पत्ती एखाद-दुसरा मिनिट ठेवायची आणि गाळून घ्यायची. पाड्यावर थर्मामीटर फक्त तापाचा. पण उकळतं पाणी एका भांड्यातून दुसऱ्या थंड भांड्यात ओतलं की ते साधारण दहा अंशांनी उतरतं. जपानी लोकांकडे यासाठी वेगळं भांडंच असतं. आम्ही स्टीलच्या तांब्यातून पेल्यात आणि पेल्यातून दुसऱ्या तांब्यात असं ओतलं. मग पेला हातात धरून बघितला. हात लावताच चटका बसून सोडावा लागला, तर अजून थांबायचं. पेलाभर पाण्याला एक लहान चमचा पत्ती. शेवटचा थेंब निथळेपर्यंत गाळायचं, नाहीतर उरलेल्या पाण्यात पत्ती पुढच्या घाण्यापर्यंत कडू होत राहते. त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा पाणी ओतायचं, तेव्हा मात्र थांबायचं नाही, लगेच गाळायचं.

नर्स म्हणून एक ताकीद. "सत्तर अंश" याचा अर्थ पाणी सत्तरपर्यंतच तापवायचं असा नाही. झऱ्याचं पाणी पूर्ण उकळूनच घ्यायचं, मग निववायचं. जुलाबाची साथ जपानी चहा बघून थांबत नाही. क्लोरीनचे थेंब टाकलेलं पाणी असेल, तर ते झाकण न ठेवता जरा जास्त उकळावं, नाहीतर चहाला त्याचा वास राहतो.

दुसऱ्या वेळी पेल्यातला रंग पिवळसर हिरवा आला. आधी एका म्हातारीने घेतला. ती जराशी थांबली, पुन्हा घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कधी घातलीस?" घातलीच नव्हती. पानात थिॲनिन नावाचं एक द्रव्य असतं, त्याने गोडसर, वरणाच्या निवळीसारखी चव येते. ते कमी तापलेल्या पाण्यातही उतरतं; कडू आणि तुरट द्रव्यं जास्त तापलेल्या पाण्यात अधिक सुटतात. मूठभर पत्ती तीच, पाणी तेच, फरक फक्त वाट बघण्याचा. एकीला शेवग्याच्या पाल्याचा वास आला, एकीला ओल्या गवताचा. "वाफवलेल्या भाजीचं पाणी आहे हे," असं म्हणणारीने तर न शिकता मुद्दा पकडला. जपानात पान खुडल्यावर लगेच वाफवतात, मग वळून वाळवतात. पाल्याला वेळेत वाफ दिली की तो हिरवा राहतो. १७३८ साली उजीजवळच्या नागातानी सोएन या शेतकऱ्याने वाफवणं आणि वळणं याची आजची रीत बसवली. आपली काळी चहापत्ती मात्र पान चुरडून, हवेत काळं होऊ देऊन बनते. झाड एकच.

जपानात सगळा चहा असा नाजूक नसतो, हेही सांगून ठेवतो. सावली करून वाढवलेला ग्योकुरो आणखी निवलेल्या पाण्यात करतात, तर जाड पानांचा बांचा आणि भाजलेला होजिचा सरळ उकळतं पाणी ओतून. होजिचाचा भाजका वास आमच्या मते आपल्या जिभेला सर्वांत लवकर रुचेल. माचा म्हणजे पानाचंच पीठ, ते गाळायचं नसतं, पाण्यात फेटून सगळं पान पोटात जातं. त्यामुळे कॅफीनही जास्त जातं. आणखी एक गंमत. चीनमध्ये हिरव्या चहाला ज्या फुलांचा वास देतात, ती आपल्या मोगऱ्याचीच. जव्हार-मोखाड्याचे शेतकरी पहाटे मोगऱ्याच्या कळ्या खुडून मुंबईच्या बाजाराला पाठवतात, आणि आपण मोगऱ्याच्या वासाचा चहा परदेशी म्हणून विकत घेतो.

हा चहा 'आपला' आहे, बौद्धांचा आहे, असंही बैठकीत कोणी म्हणालं. त्यात तथ्य आहे. ११९१ साली चीनहून परतलेल्या एइसाई या झेन भिक्खूने जपानात चहाचा प्रसार केला आणि १२११ मध्ये चहा व आरोग्य यांवर 'किस्सा योजोकी' हा ग्रंथ लिहिला. ध्यानाला बसताना झोप येऊ नये म्हणून विहारांत चहा घेत. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यूने चहापानाची जी रीत घडवली, ती आम्हाला विशेष वाटते. चहाच्या खोलीचं दार इतकं बुटकं की सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून, गुडघ्यावर रांगत आत यावं लागे. आत घट्ट चहाचा एकच वाडगा, तो पाहुण्यांनी एकामागून एक ओठाला लावायचा.

एकच वाडगा! आपल्या आयाबापांना गावच्या हॉटेलात कपबशी वेगळी होती, वळचणीला खोचलेली, आपली आपणच विसळायची. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद खुला केला, बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तरी त्या वेगळ्या कपबशा कितीतरी वर्षं टिकल्या. आमच्यापैकी एकीला तर नर्सिंगच्या प्रशिक्षणात, पांढऱ्या गणवेशात असताना, स्वयंपाकघरातल्या मावशींनी काचेचा पेला दाखवून सांगितलं होतं, "तुझा हा." तो पेला तिने तीन वर्षं वापरला, आणि सोडताना फोडला.

म्हणून रिक्यूचा वाडगा आम्हाला भावतो, पण जपानही स्वर्ग नव्हता. मेलेली जनावरं ओढणाऱ्या, कातडी कमावणाऱ्या बुराकू लोकांना तिथेही वस्तीबाहेर ठेवलं होतं. १८७१ मध्ये कायद्याने ती वर्गवारी रद्द झाली, आणि तरी १९२२ साली त्यांना क्योतोत सुइहेइशा ही आपल्या हक्कांची संघटना उभारावी लागली. तो वाडगा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. चहा बौद्ध भिक्खूंनी आणला म्हणून तो पिणाऱ्यांची मनं आपोआप धुतली गेली, असं आपण तरी समजू नये.

आता औषधाचं. २००६ साली जपानच्या ओसाकी भागातल्या चाळीस हजारांवर लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. दिवसाला पाच किंवा जास्त कप हिरवा चहा पिणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी दिसले. कर्करोगाच्या मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. ही पाहणी होती. तिथली माणसं मासळी खातात, चालतात, वेळेवर तपासणी करून घेतात, तेव्हा सगळं श्रेय चहाला देता येत नाही. वजनाबद्दल २०१२ चा कोक्रेन आढावा स्पष्ट आहे: उतरणारं वजन इतकं थोडं की उपचार म्हणून त्याला अर्थ नाही. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्या तर घेऊच नका. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गोळ्यांतून घेतल्यास यकृताला त्रास होऊ शकतो, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं आहे. बिनसाखरेचा चहा म्हणून मधुमेही माणसाने तो जरूर प्यावा, पण त्याच्या भरवशावर गोळ्या बंद केलेले दोघे जण आम्ही पाहिले आहेत, दोघांनाही दवाखान्यात दाखल करावं लागलं.

आणि मूळ प्रश्न. लोहाला अडवणारी द्रव्यं हिरव्या चहातही भरपूर आहेत. सूर्यमाळच्या बाईने काळ्या चहाऐवजी हिरव्या चहाने लाल गोळी घेतली, तर तिच्या रक्तात काय फरक पडणार? वर तिच्या वाट्याची साखर गेली, म्हणजे पहाटेची तेवढी ताकदही गेली. शहरात साखर तोडणं हे आरोग्य असेल. उपाशी पोटी डोंगर चढणाऱ्या बाईसाठी ते तसंच असेल असं नाही. आपल्या घरात जे फॅशनने आलं, ते तिच्या घरात सुधारणा म्हणून पाठवायचं, ही सवय आपल्याला चांगलीच ओळखीची आहे. आपल्यावरही लोकांनी असेच उपकार केले होते.

मग करायचं काय? गोळी आणि चहा यांची ताटातूट. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा, असं म्हटलं आहे. २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये झालेल्या अभ्यासात तासाभराच्या अंतराने चहाचा अडथळा निम्म्यावर आला होता. म्हणजे पहाटेचा चहा तसाच राहू दे, दुपारच्या भाकरीबरोबरचा तेवढा तासभर पुढे ढकलायचा. लाल गोळी रात्री झोपताना, जेवणानंतर तास-दीड तासाने, साध्या पाण्याने. रात्री घेतली की मळमळही कमी जाणवते. गरोदर बाईला कॅल्शियमची गोळीही मिळते, ती लाल गोळीबरोबर नको, दोन तासांचं अंतर हवं. डाळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळावं किंवा आवळ्याची फोड खावी. क जीवनसत्त्वाने लोह शोषलं जायला मदत होते, आणि आवळा रानात आहे. २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण मिळतं. त्या ताटावरून उठून घरी गेल्या गेल्या चहा, हे थांबवलं तरी सरकारचा पैसा अंगी लागेल. पोरांना चहाची तल्लफ असेल तर नुसता गवती चहा गुळाबरोबर उकळून द्यावा. त्याला चहा म्हणतात एवढंच, झाड वेगळं, त्यात कॅफीन नाही.

आदिवासी भागात आणखी एक काळजी. हिमोग्लोबिन कमी दिसलं की प्रत्येक वेळी लोहच कमी आहे असं नसतं, सिकलसेलही असू शकतो. म्हणून रक्ताची ती तपासणी एकदा तरी करून घ्यावी, आणि गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांना विचारून घ्यावा.

घरी जपानी चहा करणाऱ्यांना आमची काहीच हरकत नाही. दुपारी चारच्या सुमारास, पोट ना भरलेलं ना रिकामं असताना, पाणी निववून, साखर न घालता घ्या. चव खरंच सुंदर आहे. घरात गरोदर बाई किंवा पाळी सुरू झालेली मुलगी असेल, तर तिच्या जेवणाशी तो नेऊ नका. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळीही मुलगी कशाबरोबर घेते, ते विचारा.

पुड्यांसाठी मंडळात जमलेल्या पैशांतून लिंबं, भाजलेले चणे, गूळ आणि सुकट घ्यावी, असा आमचा उलट प्रस्ताव आहे. शिबिराचं वेळापत्रकही बदलू. बायका पाड्यावरून चालत येतात, तेव्हा आल्या आल्या साखरेचा कोरा चहा. मग नोंदणी, तपासणी. जेवण दीड वाजता, लिंबाच्या फोडीसह. गोळ्या हातात द्यायच्या त्या रात्रीसाठी, आणि पुढच्या खेपेला पाकिटांबरोबर हेही विचारायचं की कशाबरोबर घेतल्या.

त्या दिवशी तिसऱ्यांदा पाणी ओतल्यावर पत्तीत काही उरलं नव्हतं. आम्ही ती फेकणार होतो, पण म्हातारीने गाळणी मागून घेतली. जपानातही चांगल्या चहाची पत्ती अशी खातात, हे तिला कोण सांगणार? तिने चिमूटभर तोंडात टाकली, चावली आणि सुनेला म्हणाली, "कोवळी आहे. मीठ-मिरची आण."